मधलं दार

बुधवार, रात्री

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्या सकाळी. रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर असावं म्हणून शहराच्या ऐन मध्यातलं हॉटेल घेतलं, आणि साधी खोली न घेता झोपायची आणि बसायची खोली वेगळी असलेला सुईट घेतला. "दोघांना एवढं कशाला?" हे बाबांनी बुकिंगच्या दिवशी विचारलं, गाडीत विचारलं आणि रिसेप्शनवरही विचारलं.

बुकिंग करताना मी एकाच गोष्टीसाठी अडून बसले होते: ज्युनिअर सुईट नको. नाव मोठं, पण आत बहुतेक वेळा एकच लांबरुंद खोली असते. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला सोफा आणि फार तर मध्ये अर्धी भिंत. मला बंद होणारं दार हवं होतं. फोटोंवरून ते कळत नाही. पलंगाचा फोटो असतो, सोफ्याचा असतो, दोन्हींच्या मध्ये काय आहे ते कोणी दाखवत नाही. शेवटी फोन करून सरळ विचारलं, "मध्ये दार आहे का? पूर्ण लागतं का?" पलीकडच्या माणसाला प्रश्न विचित्र वाटला असणार, पण बिचारा वर जाऊन बघून आला.

मजल्यावरून आमचं जमेना. मला वरचा हवा होता, रस्त्याचा आवाज कमी येतो म्हणून. बाबांना अग्निशमन दलाची शिडी पोचेल एवढ्या उंचीवरचा हवा होता. त्यांचं सगळं आयुष्य बांधकामांवर गेलं, त्यामुळे मी माघार घेतली. खोलीत आल्यावर बॅग उघडायच्या आधी त्यांनी दारामागचा नकाशा डोळ्यांशी नेऊन वाचला, मग बाहेर जाऊन जिन्यापर्यंत किती दारं लागतात ती भिंतीला हात लावत मोजून आले. "धुरात दिसत नाही. मोजलेलं असलं की हाताने चाचपत जाता येतं."

लॉबी मात्र त्यांना मनापासून आवडली. मध्ये छतापर्यंत मोकळा चौक, चारी बाजूंनी गॅलऱ्या, काचेच्या लिफ्ट. १९६७ मध्ये अमेरिकेत अटलांटात उघडलेल्या हयात रीजन्सी हॉटेलात वास्तुकार जॉन पोर्टमन यांनी असा २२ मजली चौक ठेवला आणि मग शहराच्या मध्यातल्या मोठ्या हॉटेलांना त्याचं वेडच लागलं, हे लिफ्ट येईपर्यंत ऐकून झालं. दिसायला झकास आहे खरं. पण आता रात्री खाली कोणी बॅग ओढत नेली तरी तिची चाकं माझ्या उशीशी फिरल्यासारखी ऐकू येतात.

गुरुवार, पहाट

झोप नाही. कचऱ्याची गाडी येऊन गेली, रस्ता धुणारी येऊन गेली. नव्या जागी पहिल्या रात्री असं होतं त्याला कारण आहे. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा कमी गाढ झोपतो, पहाऱ्यावर बसल्यासारखा. माझे दोन्ही बसले होते बहुतेक. बाबा आत घोरत आहेत. त्यांना असले संशोधक लागू होत नाहीत.

शुक्रवार, रात्री

ऑपरेशन नीट झालं. आज तपासणीत डॉक्टरांनी डोळा छान आहे म्हणून सांगितलं.

मधलं दार आता वसूल होतंय. बाबांना प्रकाश सोसत नाही, आतले जाड पडदे ओढून ते दुपारीही पडून असतात. मला रात्री लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम संपवायचं असतं. एका खोलीत राहिलो असतो तर मी मोबाइलच्या उजेडात टाइप करत बसले असते आणि ते "चालू दे तुझं, मला काही त्रास नाही" म्हणत टक्क जागे राहिले असते. आता दार लावलं की माझा दिवा माझा आणि त्यांचा अंधार त्यांचा. थेंबांची वेळ झाली की टकटक करून आत जाते. आपल्याच वडिलांच्या दारावर टकटक करायची सवय नाही. पहिल्यांदा त्यांनी आतून "कोण आहे?" असं विचारलं.

सोफा-कम-बेडबद्दल मात्र चांगलं लिहिण्यासारखं काही नाही. गादीखालची आडवी लोखंडी पट्टी बरोबर कमरेखाली येते. हाउसकीपिंगला फोन करून जादा रजई मागवली आणि दुहेरी घडी करून खाली घातली, तेव्हा कुठे पाठ टेकली.

चावीच्या कार्डाचाही एक घोळ होता. दाराशेजारच्या खाचेत कार्ड असेल तरच दिवे आणि एसी चालणार. मी औषधं आणायला कार्ड घेऊन खाली उतरले की बाबा आत उकडत बसणार. त्यांनी एका डोळ्याने खाच न्याहाळली, पाकिटातलं जुनं व्हिजिटिंग कार्ड आत सरकवलं आणि एसी सुरू! आत नुसता दाबला जाणारा बटणासारखा स्विच आहे म्हणे. सगळीकडे हे चालत नाही, काही ठिकाणी खाच खरं कार्ड ओळखते. मग कार्डांवरून गाडी टोर सॉर्नेसवर गेली. नॉर्वेच्या या माणसाने १९७५ मध्ये प्लास्टिकचं भोकं पाडलेलं कार्ड-कुलूप आणलं. ३२ जागा, प्रत्येक जागी भोक असेल किंवा नसेल, म्हणजे चार अब्जांहून जास्त चाव्या. हिशेब बाबांनी डोळे मिटून केला.

शनिवार

हॉटेल ओळखू येत नाही. कालपर्यंत लिफ्टमध्ये सगळे फोनवर हळू आवाजात मीटिंगा लावत उभे असायचे. काल संध्याकाळी ते गेले आणि आज गॅलऱ्यांतून मुलं पळतायत. शहराच्या मध्यातल्या हॉटेलांचं हे नेहमीचंच: आठवडाभर कामाची माणसं, सुट्टीला कुटुंबं, आणि ऑफिसांचे लोक नसल्याने शनिवार-रविवारचे दरही बहुधा उतरलेले. आमच्याही बिलात हे दोन दिवस स्वस्त आहेत.

शेजारच्या सुईटमध्ये लहान मूल आहे. दोन्ही सुईटना जोडणारं कुलूपबंद दार आमच्या बसायच्या खोलीत उघडतं, आणि भिंतीतून येत नाही तेवढा आवाज त्या दारातून येतो. बाबांनी टॉवेलची गुंडाळी करून फटीशी लावली. बराच फरक पडला.

रविवार, निघताना

बिलात मिनीबारच्या बाटल्या लागल्या होत्या. आम्ही एकही उघडली नव्हती. थेंबांची कुपी थंड ठेवायची म्हणून बाबांनी त्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, एवढंच. त्या फ्रिजला सेन्सर. बाटली जागेवरून हलली आणि थोडा वेळ परत आली नाही की बिलात धरली जाते. काउंटरवरच्या मुलीने तक्रार न करता रक्कम वजा केली. म्हणाली, "औषधासाठी सांगितलं असतंत तर वेगळा छोटा फ्रिज दिला असता, त्याचे पैसे नसतात."

बाबांनी काळा चष्मा सारखा केला. "पुढच्या महिन्यात दुसरा डोळा आहे. तेव्हा द्या. आणि हाच सुईट द्या, जिन्यापर्यंतची दारं मोजलेली आहेत."

तिने खरंच नोंद करून घेतली. सोफ्याच्या पट्टीचं मी सांगितलं, तेही लिहून घेतलं.