तुम्ही विचारलंत म्हणून: 'लांबाडा'ची चाल मूळ कुणाची?

लग्नसराईत आमच्या अमळनेर-चोपडा भागात बँडवर 'सोचना क्या' सुरू झालं की वरातीतलं कोणीतरी माझ्या कीबोर्डजवळ येऊन विचारतंच, "दादा, हाई चाल मूळ कोनी शे?" वाजवता वाजवता एवढं सांगणं होत नाही, म्हणून इथं लिहितो.

'घायल' १९९० चा. त्यातलं हे गाणं बप्पी लाहिरींनी आदल्याच वर्षी जगभर गाजलेल्या 'लांबाडा'च्या चालीवर बांधलं, इतपत पुष्कळांना ठाऊक असतं. पण 'लांबाडा' तरी कुठं मूळ होतं?

चाल आहे दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाच्या उलिसेस आणि गोन्सालो एर्मोसा या भावांची. त्यांच्या लोस कार्कास या वाद्यवृंदानं १९८१ साली ती 'योरांदो से फुए' या नावानं ध्वनिमुद्रित केली. प्रेम मागे टाकून कोणी रडत निघून गेलं, त्याचं हे गाणं. साथीला चरांगो हे छोटं तंतुवाद्य आणि एकाला एक जोडलेल्या नळ्यांची बासरी. जरूर ऐका. ज्या सुरांवर आपण आजवर फक्त नाचलो, ते इतके व्याकूळ आहेत हे कळल्यावर मी बराच वेळ दुसरं काही ऐकू शकलो नाही.

पेटीवर बोटं ठेवून बघा. पंचमावर चाल जरा थांबते, मग मध्यम, कोमल गंधार, रिषभ करत षड्जावर उतरते. तिथून खालच्या कोमल निषादाला हात लावून परत वर. सगळी जादू त्या उतरणीत आहे. लय धीमी ठेवली तर गळा दाटतो, वाढवली तर पाय थांबत नाहीत.

आणि लय वाढवलीच लोकांनी. १९८४ साली पेरूच्या क्वार्तेतो कोंतिनेंताल या मंडळींनी ती कुंबियाच्या नाचऱ्या ठेक्यावर घेतली आणि अकॉर्डियन आणलं. १९८६ मध्ये ब्राझीलच्या मार्सिया फेरेरानं पोर्तुगीज शब्दांत गाऊन तिला लांबाडा नाचाचं वळण दिलं. मग १९८९ मध्ये फ्रान्समध्ये काओमा हा गट उभा राहिला, लोआल्वा ब्राझ ही ब्राझीलची गायिका पुढे आली आणि गाणं कुठल्या कुठं गेलं. फ्रान्समध्ये ते १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. शब्द मात्र रडण्याचेच राहिले. नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ते कळत होते कोण जाणे.

मग लोक पुढचं विचारतात, ही चोरीच ना? ताल बदलला म्हणून मी चोरी म्हणणार नाही. आम्हीही तेच करतो. अहिराणी गाणं पावरीवर वेगळं लागतं, बँडवर वेगळं, आणि नवापूरकडे वाजवायला गेलो की तिथला ठेका धरावाच लागतो. गाणी अशीच गावोगाव जातात, जाऊ द्यावीत. पण काओमाच्या रेकॉर्डवर एर्मोसा बंधूंचं नाव नव्हतं, भलत्याच टोपणनावाला श्रेय दिलं होतं. त्याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही. भाऊ कोर्टात गेले आणि त्यांना त्यांचा हक्क आणि भरपाई मिळाली. उलिसेस १९९२ मध्ये वारला. २०११ साली जेनिफर लोपेझनं 'ऑन द फ्लोअर'मध्ये तीच चाल घेतली, तेव्हा रचनाकारांच्या यादीत दोघाही भावांची नावं होती.

आता आमच्या बँडमध्ये हे गाणं दोनदा वाजतं. वरातीत तुम्हाला माहीत आहे तसंच, जोरात. आणि नवरीच्या पाठवणीला नुसत्या क्लॅरिओनेटवर, ढोल बंद ठेवून, मूळ लयीत. कुणी विचारलं तर एर्मोसा बंधूंचं नाव सांगतो.