कात्रजला मगर बघायला गेलो, भाच्याने केमन काढला

आधी चूक सांगते. पहिल्यांदा गेलो तो वार बुधवार होता, आणि बुधवारी कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बंद असतं. भाच्याला कात्रज डेअरीची लस्सी पाजून कसंबसं परत आणलं.

शनिवारी पुन्हा निघालो. मेट्रोने स्वारगेट, तिथून पीएमटीने कात्रज (पीएमपीएमएल म्हणायची जिभेला अजून सवय नाही). आवार सुमारे 130 एकरांचं आहे, त्यामुळे वाघ-हत्ती करत गेलात तर मगरीपाशी पोचेपर्यंत पोरं पेंगतात. आम्ही आधी मगरच गाठली. थंडीत सकाळी दहा-साडेदहाची वेळ चांगली, कारण ऊन खायला ती पाण्याबाहेर येते. उन्हाळ्यात दुपारी गेलात तर पाण्यावर दोन नाकपुड्या दिसल्या तरी नशीब समजा.

काठावर एक धूड जबडा वासून पडलं होतं.

"मावशी, हा अ‍ॅलिगेटर ना? का केमन?"

ही दोन्ही मगरीची परदेशी भावंडं. आठ वर्षांच्या पोराला केमन कुठून कळला, तर मोबाइलवरून. मराठीत आपण सगळ्यांना मगर म्हणून मोकळे होतो, फार तर सुसर. शेजारचे काका ठामपणे म्हणाले, "अ‍ॅलिगेटरच तो, तोंड बघा किती रुंद." मला वाद घालायचा नव्हता, पण घातला.

त्यांची चूक समजण्यासारखी होती. आपल्या गोड्या पाण्यातल्या मगरीचा जबडा मगरींच्या कुळात सगळ्यात रुंद, त्यामुळे लांबून फसायला होतं. खरी खूण दातात असते. तोंड मिटल्यावर खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसला तर ती मगर. अ‍ॅलिगेटर आणि केमनचा वरचा जबडा जास्त रुंद असतो, त्यात खालचे दात झाकले जातात. अडचण एकच, हिने तोंड मिटायला हवं! जबडा वासून ती अंगातली उष्णता कमी करते, आपल्यावर धावून यायची तयारी नसते ती. आम्ही वीसेक मिनिटं उभे राहिलो. तेवढ्यात एकाने ती हलावी म्हणून खडा मारला. कृपा करून असलं काही करू नका. पुतळा नाही तो.

शेवटी जबडा मिटला आणि भाचा ओरडला, "दात!" काकांनी विषय हवामानाकडे वळवला.

मग केमन आणि अ‍ॅलिगेटरमध्ये फरक काय? दोघं एकाच कुळातले चुलतभाऊ. अ‍ॅलिगेटरच्या जाती दोनच. एक अमेरिकेच्या आग्नेय भागातली, फ्लोरिडा-लुइझियानाच्या दलदलींतली. दुसरी चीनमध्ये यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात, बुटकी आणि अतिशय दुर्मीळ. केमनच्या सहा जाती, मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. त्यांच्या पोटाखालीही हाडांच्या चकत्यांचं चिलखत असतं, म्हणून कातडं कडक. चष्म्याच्या केमनच्या दोन डोळ्यांमध्ये हाडाची कड असते, चष्म्याच्या दांडीसारखी, नाव त्यावरूनच. तो साधारण दोन मीटरचा, पण अ‍ॅमेझॉनमधला काळा केमन चार मीटरच्याही पुढे जातो. थंडी मात्र अ‍ॅलिगेटरने सोसावी. तळं गोठलं तर नाकाचा शेंडा बर्फाबाहेर काढून तो तसाच पडून राहतो. केमनला ते झेपत नाही. म्हणून माणसांनी नेऊन सोडलेले केमन फ्लोरिडात टिकले ते उबदार दक्षिण टोकाकडे.

भारतातल्या नद्यांत या दोघांपैकी कुणीच नाही. आपल्याकडे गोड्या पाण्यातली मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि घडियाल. केमन डोळ्यांनी बघायचाच असेल तर चेन्नईजवळची मद्रास क्रोकोडाईल बँक गाठा. 1976 मध्ये ती मगरींसाठीच सुरू झाली. भाच्याने लगेच तिकिटं काढायला सांगितली. त्याच्या आईशी बोलते म्हणाले.

जाणाऱ्यांसाठी थोडं: दुर्बीण न्या, दात लांबूनच बघायचा आहे. टोपी आणि पाणी हवंच. आजी-आजोबा सोबत असतील तर बॅटरीवरच्या गाडीचं तिकीट आधीच काढा, सुट्टीच्या दिवशी रांग लागते. आणि इथे मगर बघून धीर चेपला म्हणून सांगलीत कृष्णेकाठी किंवा चिपळूणला वाशिष्ठीत पाय सोडून बसू नका. तीच मगर तिथेही आहे, फक्त मध्ये कठडा नाही.