आमची वाटचाल : दिवाळीच्या सुट्टीतली स्पर्धा

सांगोल्यातला आमचा क्लास मुळात टायपिंगचा. वडिलांनी जुनी मराठी-इंग्रजी टाइपरायटर मशिनं आणली होती. मिनिटाला मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द असा बोर्ड बरीच वर्षं दारावर होता. २००१ साली एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा आली, तसं वडील म्हणाले, "आता हे तुझं तू बघ." पतसंस्थेचं कर्ज काढून पाच कॉम्प्युटर घेतले. नोकरीला सर्टिफिकेट लागायचं, त्यामुळे बॅच भरायला त्रास झाला नाही. पण सर्टिफिकेटसाठी आलेला माणूस ते हातात पडलं की परत फिरकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत क्लास ओस पडायचा. म्हणून शाळेच्या पोरांसाठी फुकट स्पर्धा ठेवली. हेतू जाहिरातीचाच होता, खोटं कशाला सांगू? पहिल्या वर्षी पेंटमध्ये चित्र काढायचं होतं. जवळजवळ प्रत्येकानं दोन डोंगर, मधून सूर्य, एक नदी आणि एक झोपडी काढली. दुसऱ्या वर्षी म्हटलं, पॉवरपॉइंट घरून करून आणा. पेनड्राइव्हमधून व्हायरस आले ते आलेच, वर एकाच्या शेवटच्या स्लाइडवर भलत्याच शाळेचं नाव तसंच राहिलेलं. त्यालाच पहिला नंबर देऊन बसलो होतो! बक्षीस वाटून झाल्यावर एका पोरानं ते दाखवलं.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं मग स्क्रॅच हे प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर आणून दिलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ साली मुलांसाठी ते फुकट दिलंय. कोड टाइप करायचा नाही, रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरचं मांजर चालतं, बोलतं, ओरडतं. २०१९च्या जानेवारीत त्याची ३.० आवृत्ती आली, पण आमच्या जुन्या विंडोज एक्सपीच्या मशिनांना ती झेपण्यातली नव्हती. आम्ही जुन्या १.४ वरच राहिलो. त्याला इंटरनेट लागत नाही, म्हणजे उतरवून आणायची सोयही नाही. मला तेच हवं होतं.

नियम बदलले. येताना काही आणायचं नाही. दोघांत एक मशीन, कारण लाइट गेली की इन्व्हर्टरवर चारच चालतात. वेळ तीन तास. शेवटी मी एक ठोकळा काढून घेणार आणि विचारणार, आता काय होईल? मोठ्या भावानं शिकवून पाठवलेली पोरं इथं अडकतात. पाचवीतली एक मुलगी मात्र मांजर डावीकडे न्यायचं म्हणून आकड्याआधी वजा लावून मोकळी झाली. शाळेत ऋण संख्या अजून यायच्या होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "मधी शून्य हाय ना सर, मग अलीकडं काय असणार?"

विषय दिला होता, घरातली एखादी अडचण. वस्तीवरच्या एका पोरानं मोटारीची लाइट घेतली. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, पुढचा आठवडा रात्री. डाळिंबाला पाणी सोडायला बाप रात्रीचा उठतो. याचं मांजर लाइट यायच्या वेळी ओरडून उठवतं. चित्र म्हणाल तर विहीर कुठली आणि घर कुठलं कळत नव्हतं. परीक्षक म्हणून बोलावलेल्या गुरुजींनी त्याला दहापैकी चार दिले. आमची बरीच वादावादी झाली. शेवटी क्लास माझा, म्हणून पहिला नंबर त्याला दिला. गुरुजी पुढच्या वर्षी आले नाहीत.

बक्षिसाला बाप आला होता. मांजर बघून म्हणाला, "सर, आज रात्रपाळीच हाय. हे खरंच वरडंल का?"

म्हटलं, नाही, यात एक सेकंद म्हणजे एक तास धरलाय.

"मग तास म्हंजी तास धर की," तो पोराला म्हणाला.

पोरानं तिथंच बसून 'थांबा'च्या ठोकळ्यात १ च्या जागी ३६०० टाकलं. मलाही राहवेना. ते एक मशीन चालू ठेवून, स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवून क्लासला कुलूप लावलं. सकाळी सहाला पोरगं दारात हजर. उघडून बघतो तर पहाटे कधीतरी लाइट गेलेली, इन्व्हर्टर उतरलेला आणि मशीन बंद.