पश्चिमेची खिडकी, स्मार्ट काच आणि माझा हिशेब

पुण्यातील आमची सदनिका चौथ्या मजल्यावर आहे आणि दिवाणखान्याच्या दोन्ही मोठ्या सरकत्या खिडक्या थेट पश्चिमेला उघडतात. घर घेताना समोरची टेकडी आणि संध्याकाळचा वारा एवढेच डोळ्यांसमोर होते. मार्च ते मे या महिन्यांत दुपारी तीननंतर याच खिडक्या खोलीची भट्टी करतात, हे पहिल्या उन्हाळ्यात कळले. जाड पडदे लावले की अंधार होतो, पण उकाडा फारसा कमी होत नाही, कारण काच ओलांडून आलेले ऊन पडद्याला तापवते आणि तापलेला पडदा खोलीला तापवतो. त्यामुळे बटण दाबताच रूप बदलणाऱ्या काचेची जाहिरात पाहिली, तेव्हा ही वस्तू जणू आमच्यासाठीच काढली आहे असे वाटले.

पैसे खर्च करण्याआधी मी कागदावर हिशेब मांडला. प्रत्येक खिडकी सहा फूट बाय चार फूट, म्हणजे दोन्ही मिळून ४८ चौरस फूट, साधारण साडेचार चौरस मीटर. उन्हाळ्याच्या दुपारी पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला ढोबळमानाने ६०० वॅट ऊन पडते असे धरले आणि साधी काच त्यातले जवळपास ८० टक्के आत सोडते हे लक्षात घेतले, तर आमच्या दिवाणखान्यात दोन किलोवॅटहून अधिक उष्णता शिरत होती. भर वैशाखात एक-एक किलोवॅटचे दोन हीटर लावून बसावे, तसा हा प्रकार. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे आमच्या दीड टनाच्या एसीची जवळपास चाळीस टक्के ताकद केवळ या दोन खिडक्यांशी झुंजण्यात जात होती. मात्र हीच उष्णता विजेच्या बिलात उतरवली, तेव्हा आकडा फार मोठा निघाला नाही. रोज तीन तास एसी धरला, तर संपूर्ण उन्हाळ्यात सुमारे १६० युनिट, म्हणजे चढ्या दराने धरले तरी दोन हजार रुपयांच्या आतबाहेर. तेव्हा ही काच बिलातून फिटणार नाही, फिटली तर सुखातून, हे मी आधीच मान्य केले.

बाजारात गेल्यावर कळले की ‘स्मार्ट काच’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. दुकानात सहज मिळते ती पीडीएलसी फिल्म, म्हणजे काचेवर चिकटवायचा, विजेवर चालणारा पातळ पापुद्रा. तिच्यात लिक्विड क्रिस्टलचे सूक्ष्म थेंब असतात. वीज बंद असताना ते वाटेल तसे वळलेले असतात, प्रकाश विखुरतात आणि काच दुधाळ दिसते. ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे ६० व्होल्टची वीज दिली की थेंब एका दिशेत येतात आणि काच पारदर्शक होते. दुकानदाराने वहीच्या पानाएवढा नमुना हातात दिला आणि रिमोट दाबला. टक् आवाज झाला आणि पलीकडची दुचाकी दिसेनाशी झाली. खरे सांगायचे तर त्या क्षणी मी अर्धा विकला गेलो होतो. तरीही मी तो नमुना दुकानाबाहेर उन्हात नेला, दुधाळ अवस्थेत सूर्यासमोर धरला आणि मागे तळहात ठेवला. सूर्याचे बिंब दिसेनासे झाले, पण संपूर्ण तुकडा डोळे दिपवणारा पांढरा पेटला आणि तळहाताला ऊन जवळपास पूर्वीइतकेच लागत राहिले.

“काका, काच पांढरी झाली ना? मग ऊन येईलच कसं?” दुकानदाराने विचारले. तो फसवत नव्हता. त्याचा खरोखरच तसा समज होता. पण ही फिल्म प्रकाश अडवत नाही, विस्कटते, आणि विस्कटलेला बहुतेक प्रकाश पुढे, म्हणजे खोलीतच येतो. शिवाय वीज गेली की काच पांढरी होणार आणि टेकडी पाहायची असेल तितका वेळ वीज चालू ठेवावी लागणार. सांगितलेला दर चौरस फुटाला ७०० रुपये होता. ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंग धरून खर्च चाळीस हजारांवर जात होता. माझ्या मावसभावाच्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीला हीच फिल्म लावली आहे आणि तिथे ती उत्तम काम करते, कारण तिथे प्रश्न आडोशाचा आहे, उन्हाचा नाही.

दुसरी वस्तू म्हणजे इलेक्ट्रोक्रोमिक काच, जी खऱ्या अर्थाने गडद होते. बोइंग ७८७ विमानात खिडकीला झडपेऐवजी बटण असते, ते याच तत्त्वावर चालते. काचेवर टंगस्टन ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. काही व्होल्टच्या दाबाने त्यात लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) शिरले की तो निळसर गडद होतो, आणि मोठी काच पूर्ण गडद व्हायला काही मिनिटे लागतात. सेंट-गोबेन या फ्रेंच कंपनीच्या सेजग्लाससारखी काच पूर्ण गडद झाल्यावर उन्हाची सुमारे नऊ टक्केच उष्णता आत सोडते. आमच्या दुखण्यावर औषध असेल तर हेच होते. अडचण खिडकीची होती. ही काच सहसा दुहेरी काचेच्या जाड संचात येते. आमच्या सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांत ५ मिलीमीटरची एकेरी काच आहे, तिचे वजन चौरस मीटरला साडेबारा किलो. सहा-सहा मिलीमीटरच्या दुहेरी काचेचे ते ३० किलो होते. एवढा भार आमच्या चाकांना पेलवणार नव्हता, आणि रोज दहा वेळा सरकणाऱ्या तावदानात वायर कोठून न्यायची, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडेही नव्हते. त्यातच, या क्षेत्रातील व्ह्यू या मोठ्या अमेरिकन कंपनीने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केल्याचे वाचनात आले होते. बंगला बांधत असतो आणि खिडकी न उघडणारी असती, तर कदाचित मी पुढे विचार केला असता.

मधल्या काळात एका विक्रेत्याने साधी उष्णतारोधक फिल्म दाखवली. एका पेटीत इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांचा) दिवा, समोर फिल्म लावलेली काच आणि हात लावा म्हटले की हाताला काहीच जाणवत नाही: “९५ टक्के हीट बंद.” हा प्रयोग नीट समजून घ्यावा लागतो. सूर्याच्या ऊर्जेपैकी इन्फ्रारेडचा वाटा साधारण निम्मा. उरलेली बहुतांश ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशातून येते आणि तीही आत येऊन उष्णताच होते. म्हणून मी ‘एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडते’ हा आकडा मागितला. माहितीपत्रकावर तो होता, अगदी बारीक अक्षरांत, आणि पंचावन्न टक्के होता. तरीही वस्तू वाईट नव्हती. आतून लावलेली फिल्म काचेला अधिक तापवते आणि अर्धी काच सावलीत असेल तर ती तडकू शकते, या भीतीने मी थांबलो.

शेवटी ऊन काचेच्या बाहेरच अडवायचे ठरले. पश्चिमेचे ऊन तिरपे येते, छज्ज्याखालून सरळ घुसते, त्यामुळे उभा आडोसाच हवा. काचेच्या बाहेर आणि ग्रिलच्या आत बांबूच्या चिकाचे दोन पडदे लावले, दोरीसह साडेचार हजारांत. गंमत अशी की चाळीस हजारांच्या फिल्मला सोसायटीची परवानगी लागली नसती, पण चिकासाठी समितीला पत्र द्यावे लागले. इमारतीचे रूप बदलते म्हणून बाहेरची बाजू बदामी रंगाचीच हवी, अशी अट पडली. एप्रिलमध्ये लागोपाठच्या दोन सारख्याच कडक दुपारी, एकदा पडदे वर आणि एकदा खाली ठेवून, मी पाच वाजता भिंतीवरचा तापमापक पाहिला: ३६ आणि ३३.५. दोन दिवसांची ही नोंद शास्त्रीय म्हणता येणार नाही, पण आई पूर्वी दुपारी आतल्या खोलीत जाऊन बसत असे, ती आता दिवाणखान्यातच पेपर वाचते.

जूनमध्ये पडदे गुंडाळून माळ्यावर टाकले. डावीकडच्या पडद्याची सुताची दोरी खारीने कुरतडली आहे. फेब्रुवारीआधी तेथे नायलॉनची ओवायची आहे.