सतरंजीवरची जागा

नोकरी लागल्यापासून मैत्रीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पुढे ढकलता येऊ लागली आहे. वाढदिवस शनिवारवर जातो, सिंहगडाचा बेत पावसाळा संपेपर्यंत थांबतो, आणि ‘रात्री करते’ म्हटलेला फोन महिनाभर राहून जातो. आम्ही तिघे कॉलेजपासूनचे मित्र. एक जण सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे, एक मैत्रीण बँकेत आहे आणि मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. आमच्या सुट्या जुळत नाहीत आणि झोपेच्या वेळाही जुळत नाहीत. तरीही डिसेंबरात, पुण्यातल्या शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या दिवसांत, आम्ही एका सतरंजीवर शेजारी शेजारी बसतोच. समोर बसून ऐकण्याचे गाणे कोणासाठी थांबत नाही, म्हणूनच आमची मैत्री टिकली, असे मला दिवसेंदिवस अधिक वाटू लागले आहे.

हा महोत्सव मुळात एका नात्यातून उभा राहिला. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, 1952 साली गेले आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी 1953 साली गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात हा उत्सव सुरू केला. पुढे कित्येक दशके ते स्वतः त्याची व्यवस्थाही पाहत आणि शेवटी गातही. 2011 साली ते गेल्यावर त्यांचे नाव गुरूच्या नावाशेजारी आले. सांगतेला सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावण्याची प्रथा आहे आणि तेव्हा एवढा मोठा मंडप जागच्या जागी थांबतो. गुरूच्या आवाजाला शेवटचा मान देणारी ही रीत मला या उत्सवातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आमच्या आईवडिलांच्या पिढीच्या आठवणी रमणबाग शाळेच्या मैदानाच्या आहेत, महोत्सव पूर्वी तिथे भरत असे. दिवसभर कचेरी करायची, घरी जेवायचे, शाल घेऊन निघायचे, रात्रभर ऐकायचे आणि पहाटेची भैरवी झाली की चहा पिऊन परत कामावर जायचे, असे ते सांगतात. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यावर बंधने आली आणि या मैफली रात्रीतून दुपार-संध्याकाळीत सरकल्या. 2018 पासून जागाही बदलली आणि महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरू लागला. रुग्णांची आणि वृद्धांची झोप महत्त्वाची आहे, त्यामुळे त्या बंधनाविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. पण त्यामुळे नोकरदार श्रोत्याचे गणित पार उलटले, हे कोणी फारसे बोलत नाही. पूर्वी तो झोपेचा वेळ देऊन गाणे ऐकत असे, आता त्याला कामाचा वेळ द्यावा लागतो. रागांचेही तसेच झाले. भीमपलास, मुलतानी, श्री, मारवा या दुपार-संध्याकाळच्या रागांना आता त्यांच्या खऱ्या वेळी मोठा मंच मिळतो. उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग मात्र या मंचावर त्यांच्या घटकेला ऐकायला मिळणे जवळजवळ संपले.

माझ्या कामाचा जोर नेमका संध्याकाळी असतो, कारण अमेरिकेतले ग्राहक त्या सुमारास कामाला बसतात. सूर्य मावळताना मी रोज कोणत्या ना कोणत्या कॉलवर असते आणि हिंजवडीहून मुकुंदनगर गाठायला त्या वेळेला दीड तास सहज लागतो. म्हणून मी वर्षाच्या सुरुवातीलाच रजेचा अर्ज टाकून ठेवते. ‘लग्न आहे का घरी?’ असे विचारले जाते, तेव्हा ‘गाणे ऐकायचे आहे’ असे मी सरळ सांगते. मला त्यात काही वावगे वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर असे स्पष्ट सांगितल्यापासून आमच्या टीममधले दोघे आता स्वतःहून तारखा विचारू लागले आहेत.

या रजेचे मोल मला एका संध्याकाळी मारव्याने पटवून दिले. गायक मंचावर आले, तानपुरे जुळवायला बसले, आणि नेहमीची पंचमाची (‘प’ची) तार निषादावर (‘नी’वर) गेली, कारण मारव्यात पंचम नाही. तिथूनच सगळ्या मंडपाची बैठक बदलली. ओळखीचा आधार काढून घेतल्यावर कान आपोआप सावध होतो. मग कोमल रिषभ आणि धैवत यांच्यामध्ये गाणे फिरत राहिले, षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, अगदी जवळ येऊनही मिळेना, आणि बारा मात्रांच्या विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचे एकेक आवर्तन सुमारे मिनिटभराचे. त्या लयीत बारावी मात्रा सरताना हजारो माणसे एका क्षणाची वाट पाहत होती. अखेर सम, म्हणजे नव्या आवर्तनाची पहिली मात्रा, आली आणि सोबत षड्जही आला, तेव्हा माझ्या डावीकडे मैत्रिणीचा आणि उजवीकडे अनोळखी आजोबांचा हात एकाच वेळी मांडीवर पडला. कोणी कोणाकडे पाहिले नाही. त्या वर्षी तिच्या घरी वडिलांचे दीर्घ आजारपण चालू होते आणि फोनवर मी काय बोलावे हे मला कधीच सुचत नसे. शेजारी बसून तीच सम घेणे मात्र जमले, आणि नंतर बटाटेवड्याच्या रांगेत उभे असताना ती आपण होऊन सगळे सांगू लागली.

ध्वनिमुद्रणांना मी कमी लेखत नाही. राग ओळखायला मी त्यांच्यावरच शिकले. पण ध्वनिमुद्रण थांबवता येते, मागे नेता येते, उद्यावर टाकता येते, आणि आमच्या पिढीने उद्यावर टाकलेल्या गोष्टींची यादी आधीच मोठी आहे. मैफलीत समोरचे सूर आत्ता ऐकावे लागतात आणि शेजारच्याला तिथे यावेच लागते.

डॉक्टर मित्राला गाण्यातले फारसे कळत नाही, असे तोच म्हणतो. तो ड्यूटी संपवून येतो, भारतीय बैठकीच्या एका कडेला पिशवी उशाला घेऊन आडवा होतो आणि विलंबितात गाढ झोपतो. द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू होऊन तबला खुलला की उठून बसतो आणि ‘आता कोणता राग?’ विचारतो. काही शेजाऱ्यांना ते खटकते; मला नाही. छत्तीस तास उभ्या राहिलेल्या माणसाला तानपुऱ्याच्या नादात झोप लागत असेल, तर ते ऐकणेच आहे असे मी मानते.

जागा धरण्याचे काम आजवर बँकेतल्या मैत्रिणीचे होते. ती दुपारीच सतरंजी अंथरून ‘अगं, डावीकडच्या खांबापाशी ये, थर्मास आणलाय’ असा निरोप पाठवत असे. यंदा तिची नागपूरला बदली झाली आहे. तिथून रात्रीच्या गाडीने येऊन ती पहिल्या दिवशी दुपारी स्टेशनवर उतरणार, मित्राने दोन दिवस ड्यूटी बदलून घेतली आहे, आणि सीझन तिकिटे मी काढायची असे ठरले आहे. सतरंजी तिने जाण्याआधी माझ्या घरी आणून टाकली. दार उघडण्याच्या तासभर आधी रांगेत उभी राहा, आणि मंचापासून फार लांब बसू नकोस, कारण तिला तंबोऱ्याच्या तारांवरची बोटे दिसायला हवी असतात, एवढे मला बजावून ती गेली आहे.