तीन वर्षांच्या पोराला तक्ता कसा वाचता येणार?

आज बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या बालवाडीत मुलांचे डोळे तपासले, मला वाटलं तोच तक्ता, एक डोळा झाका, अर्धी मुलं रडणार, पण ताई आल्या त्या कॅमेऱ्यासारखं मशीन घेऊन, खोलीत जरा अंधार केला, पोर आईच्या मांडीवर, साधारण एक मीटरवरून मशीन धरलं, "अहीं जो बेटा" (इकडे बघ बाळा), चिवचिव आवाज आला की पोर आपसूक तिकडे बघतं आणि काही सेकंदांत दोन्ही डोळ्यांचा अंदाजे नंबर स्क्रीनवर!

ताई म्हणाल्या, न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश डोळ्याच्या बाहुलीतून आत जाऊन मागच्या पडद्यावरून परत येतो, आणि बाहुलीत उजेड कुठल्या बाजूला जास्त दिसतो त्यावरून मशीन नंबर काढतं. सहा महिन्यांच्या बाळाचंसुद्धा होतं.

एका चिमुरडीचा एक डोळा ठीक, दुसऱ्यात मोठा प्लस नंबर. ती छान खेळते, रंगवते, मणी ओवते, कुणाला कळणार? चांगला डोळा सगळं निभावून नेतो आणि दुसरा आळशी होत जातो, सात-आठ वर्षांनंतर तो सुधारणं फार अवघड. आजी घाबरल्याच, "एवढ्याशा पोरीला चष्मा?" म्हटलं आजी, आत्ताच कळलं हे किती बरं झालं.

आणि या आकड्यावर चष्मा करायचा नाही हं! डॉक्टरांकडे डोळ्यांचा ताण सैल करणारे थेंब घालूनच पक्का नंबर काढायचा, कारण लहान मुलं डोळ्यांवर ताण देऊन प्लस नंबर लपवतात. सोमवारी आजींबरोबर मीही जातेय.