चार इंजेक्शनं आणि एक सायकल

आज गोदापार्कात लेकीने सायकलची छोटी आधाराची चाकं काढायला लावली. दोनदा आपटली, तिसऱ्यांदा सुटली ती सुसाट. "आई, धरलंयस ना?" कधीच सोडलं होतं गं.

तिच्या वेळी पस्तिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची चार इंजेक्शनं, 6 मिलिग्रॅमची, दर 12 तासांनी एक. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी स्टिरॉइडचा हा उपयोग 1972 साली दाखवला. लिगिन्स त्याआधी मेंढ्यांवर काम करायचे. (सासूबाई: "म्हणजे मेंढीचं औषध दिलं होय पोरीला!")

जन्मल्यावर तिची साखर उतरली. या इंजेक्शनांनंतर तसं होऊ शकतं. इवल्याशा टाचा टोचून टोचून लाल झालेल्या. पुढे बोलायला जरा उशीर झाला आणि मी रात्र रात्र फोनवर वाचत बसले. 2020 च्या फिनलंडच्या अभ्यासाने तर झोपच उडवली: स्टिरॉइड मिळालेल्या मुलांत मानसिक आणि वर्तनाच्या तक्रारी जास्त. पण त्या नोंदींवरून इंजेक्शनच कारण असं म्हणता येत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा समजावलं. पटलं नव्हतं.

मग 2024 मध्ये अमेरिकेतल्या चाचणीचा पाठपुरावा आला. 34 ते 36 आठवड्यांत इंजेक्शन मिळालेली आणि न मिळालेली मुलं, वय सहाच्या पुढे, बौद्धिक विकासात ठळक फरक नाही. (तिथे बीटामेथासोन होतं, आमचं डेक्सा. जातकुळी एकच.) त्या दिवशी शांत झोपले.

आता ढोपर सोललंय. हळद लावू देत नाहीये, पिवळं दिसतं म्हणे.